पोळ आणि पांजरपोळ : बिलोलीच्या निमित्तानें

बिलोलीचें नांव इतिहाससंशोधकांच्या लेखांत क्वचितच येतें, आणि येतें तेव्हां बहुधा तेथील सर्फराजखानाच्या सतराव्या शतकांतील दगडी मशिदीच्या निमित्तानें येतें. मांजरा नदी जेथें मराठी मुलखाची सीमा होऊन वाहते व पुढें कंदकुर्तीपाशीं गोदावरीस मिळते, त्या टापूंतील हा तालुका. मराठी, तेलुगु व उर्दू या तिन्ही भाषा येथल्या बाजारांत एकत्र ऐकूं येतात, आणि जुनीं कागदपत्रेंही त्याच प्रमाणांत निरनिराळ्या लिप्यांत विखुरलेलीं आहेत. प्रस्तुत लेखांत या तालुक्याच्या निमित्तानें आम्ही एक प्रश्न वाचकांपुढें मांडूं इच्छितों. तो राजांचा नाहीं व लढायांचाही नाहीं. काम संपलेल्या बैलाचें, भाकड गायीचें, बेवारशी कुत्र्याचें पुढें काय होत असे, व त्याची नोंद कोणत्या कागदांत सांपडावी, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न निघतांच जाणते वाचक पांजरपोळाकडे बोट दाखवितील. परंतु पांजरपोळांचा जो इतिहास आजवर लिहिला गेला आहे तो बहुतांशीं खंबायत, सुरत, अहमदाबाद व मुंबई या व्यापारी शहरांचा आहे. डेरिक लॉड्रिक यांचा या विषयावरील १९८१ सालचा इंग्रजी ग्रंथ संशोधक अद्याप हाताशीं ठेवतात. त्याचाही भर गुजरातेवर आहे. यामुळें असा एक समज नकळत रूढ झाला कीं, जेथें पांजरपोळ नाहीं तेथें मुक्या जनावरांची कांहीं व्यवस्थाच नव्हती. आमच्या मतें हा समज टिकणारा नाहीं. तो तपासण्यास प्रथम शब्दच हातीं घेणें सोयीचें.

पांजरपोळ हा शब्द मराठींत गुजरातींतून आला. त्याच्या पूर्वार्धांत पिंजरा आहे. उत्तरार्धांतील पोळ म्हणजे गुजराती शहरांतील दरवाजानें बंद होणारी वस्ती. तिची व्युत्पत्ति संस्कृत प्रतोली या शब्दापर्यंत नेतात. म्हणजे या नांवांतच भिंत आहे व दरवाजाही आहे. आतां मोल्सवर्थचा मराठी कोश उघडावा. तेथें पोळ या शब्दाचा अर्थ देवास सोडलेला, अंगावर त्रिशूळादि खूण उमटविलेला व मोकळा हिंडणारा बैल असा दिलेला आढळेल. एकाच उच्चाराच्या या दोन शब्दांमागें दोन निराळ्या व्यवस्था उभ्या आहेत. एकींत जनावर आंत घेऊन पोसावयाचें व खर्च पेढ्यांनीं सोसावयाचा. दुसरींत तें मोकळें सोडावयाचें व त्याचें चरणें सर्व गांवानें सोसावयाचें. केवळ ध्वनिसाम्यावर इतिहास रचूं नये हें आम्ही जाणतों, आणि दोन्ही शब्दांचें मूळ एक, असा आमचा दावा नाहीं. भेद स्पष्ट दिसण्यास मात्र या जोडीइतकें सोयीचें साधन दुसरें नाहीं.

पहिल्या व्यवस्थेविषयीं प्रथम लिहितों. अशोकापासून आजच्या पांजरपोळापर्यंत अखंड परंपरा दाखविण्याची कित्येक लेखकांस हौस असते. अशोकाच्या दुसऱ्या गिरिलेखांत माणसांची व पशूंची अशी दोन प्रकारची चिकित्सा, औषधी वनस्पतींची लागवड, रस्त्यांवरील विहिरी व झाडें यांचा उल्लेख आहे, हें खरें. हा लेख गिरनारास आहे. दक्षिणेंत कर्नूल जिल्ह्यांतील एर्रगुडीच्या मालिकेंतही तो आहे. मराठी मुलखांत सोपारा येथें पंडित भगवानलाल इंद्रजी यांस १८८२ सालीं जो तुकडा मिळाला तो आठव्या लेखाचा, व १९५६ सालीं मिळालेला तुकडा नवव्या लेखाचा होय. दुसरा लेख तेथें मिळालेला नाहीं. शिवाय चिकित्सेची सोय करणें निराळें आणि जनावर मरेपर्यंत पोसणें निराळें. यानंतर खंबायतेंतील मेंढ्या, बकऱ्या, कुत्रीं, मांजरें व पक्षी यांच्या रुग्णालयांविषयीं लिहिणारा राल्फ फिच हा इंग्रज प्रवासी येतो तो थेट सोळाव्या शतकाच्या अखेरीस. आणि १६२३ सालीं खंबायतेचें पक्ष्यांचें रुग्णालय पाहणारा पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन त्याच्याही मागून. मधल्या अठराशे वर्षांवर केवळ भक्तिभावानें पूल बांधणें हें संशोधन नव्हे. खंबायत आणि सुरत येथील या संस्थांचें स्पष्टीकरण तेथील जैन व वैष्णव महाजनांत आणि त्यांच्या व्यापारांत शोधणें अधिक सयुक्तिक होय.

मुंबईच्या पांजरपोळानें तर हें अगदीं उघड होतें. तेथील बेवारशी कुत्रीं ठराविक मुदतींत मारण्याचा सरकारी हुकूम पूर्वींपासूनच होता. १८३२ सालीं ही मुदत वाढविण्यांत आली, आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागें आठ आणे बक्षीस मिळत असल्यानें मारणारे लोक घरच्या पाळीव कुत्र्यांवरही हात टाकूं लागले. ६ जून रोजीं कोटांत याचा स्फोट झाला. पारशी धर्मांत कुत्र्याचें स्थान मोठें आहे. मृताच्या अंत्यविधींत कुत्र्याची दृष्टि प्रेतावर पाडण्याचा सगदीद नांवाचा संस्कार आहे. शिवाय तो दिवस पारशांच्या पवित्र दिवसांपैकीं होता. दुसऱ्या दिवशीं दुकानें बंद पडलीं, छावणीकडे जाणारी रसद अडविली गेली, व शेवटीं लष्कर बोलवावें लागलें. पारशांबरोबर हिंदु, जैन व कांहीं मुसलमानही या बंदांत सामील झाले होते. एका धर्माचा दंगा म्हणून या प्रकरणाकडे पाहणें त्यामुळें चुकीचें होय. धरपकड झाली, खटले झाले, शिक्षाही झाल्या. पण कुत्रीं मारण्याऐवजीं शहराबाहेर नेण्याची तडजोड सरकारास मान्य करावी लागली.

नेलेलीं कुत्रीं ठेवावयाचीं कोठें, व त्यांच्या भाकरीचा खर्च कोणीं द्यावयाचा ? १८ ऑक्टोबर १८३४ रोजीं स्थापन झालेला मुंबईचा पांजरपोळ हें या प्रश्नाचें उत्तर होतें. जमशेटजी जिजीभाई हे पारशी आणि मोतीचंद अमीचंद ऊर्फ मोतीशा हे जैन, हे दोन व्यापारी त्याचे मुख्य आधार होत. (जमशेटजींस सर हा किताब १८४२ सालीं मिळाला. १८३४ च्या हकीगतींत त्यांस सर म्हणणारीं लिखाणें पुष्कळ आढळतात. नकला करणारांनीं हें ध्यानांत ठेवावें.) दोघेही चीनकडील व्यापारांतले. आरंभ कुत्र्यांपासून झाला, पण भुलेश्वराजवळच्या या आवारांत लौकरच गुरांची संख्या मोठी झाली. खरा महत्त्वाचा भाग पुढेंच आहे. या संस्थेचा चरितार्थ केवळ देणग्यांवर ठेविला नव्हता. बंदरांत येणाऱ्याजाणाऱ्या मालावर व्यापाऱ्यांनीं आपखुशीनें ठराविक लागा बसविला, व तो पेढ्यांच्या वह्यांतून वसूल होऊं लागला. दया ही मनाची गोष्ट खरी, परंतु येथें ती वहीच्या एका खात्यावर उभी राहिली. ज्यास मुंबईच्या पांजरपोळाचा इतिहास लिहावयाचा त्यानें स्तुतिपर चरित्रें बाजूस ठेवून मालाचे दर व लाग्याचे आंकडे पाहावे.

याच शहरांत पुढें दुसरी एक गोष्ट घडली, ती पांजरपोळाहून भिन्न आहे. १८७४ सालीं जनावरांस निर्दयतेनें वागविण्यास आळा घालणारी मंडळी निघाली. लंडनची मूळ संस्था १८२४ ची. परळ येथें शेठ दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीनें बाई साकरबाई यांच्या नांवाचें जनावरांचें इस्पितळ उभें राहिलें, आणि त्याच्याच आवारांत १८८६ सालीं जॉन हेन्री स्टील यांच्या हाताखालीं पशुवैद्यकाची शाळा सुरू झाली. इस्पितळांत जनावर बरें होऊन परत जावें ही अपेक्षा; पांजरपोळांत तें परत जाणारच नाहीं हें गृहीत. पांजरपोळावर टीका करणाऱ्या इंग्रज लेखकांनीं हा भेद न ओळखल्यामुळें त्यांच्या टीकेचा पुष्कळ भाग वाया गेला आहे. मराठवाड्यास पशुवैद्यकाचें महाविद्यालय मिळण्यास परभणींत १९७२ साल व उदगिरांत १९८७ साल उजाडावें लागलें.

लागा जर पांजरपोळाचा प्राण, तर जेथें माल मोठ्या प्रमाणावर हात बदलतो तेथेंच पांजरपोळ निघावा हें ओघानेंच आलें. नाशिक पंचवटीचा पांजरपोळ १८७८ चा. निजामाच्या मुलखांत मनमाड ते सिकंदराबाद ही गोदावरी खोऱ्याची आगगाडी १९०० च्या सुमारास सुरू झाली, व ती नांदेड, उमरी, धर्माबाद अशी गेली. धर्माबाद त्या काळीं व पुढेंही १९९९ पर्यंत बिलोली तालुक्यांतच होतें, पण खुद्द बिलोली रुळापासून दूर राहिली. अडत व गोदामें स्टेशनाशीं गेलीं. लातुरास १९११ सालीं बार्शी लाइट रेल्वे पोंचल्यावर तेथें पेठ कशी वाढली हें सर्वांस ठाऊक आहे. आमचें अनुमान असें कीं, मुंबईच्या धर्तीची संस्था या भागांत शोधावयाची झाल्यास ती धर्माबाद, नांदेड, लातूर येथील अडत्यांच्या धर्मादाय खात्यांत शोधावी. बिलोलीच्या कसब्यांत शोधूं नये. बिलोलींत जें होतें तें दुसऱ्या जातीचें होतें.

तें म्हणजे गायरान, देवाचा पोळ आणि सण. नांगरास निरुपयोगी झालेला बैल गांवच्या सामाईक कुरणावर चरत असे, गोठ्यांत बांधलेला असे, आणि श्रावणी अमावास्येच्या पोळ्यास तरुण बैलांच्या रांगेंत तोही उभा केला जाई. पूर्वसंध्येस खांदेमळणी होते, तेव्हां जुवानें घट्टे पडलेल्या खांद्यांस तूपहळद चोळतात. हा विधि कोणी देवाचा म्हणो, आम्हांस तो वैद्यकाचाही वाटतो. याच अमावास्येस मांजरेपलीकडील तेलुगु लोक पोळाल अमावास्या म्हणतात. आणि उदगीर-देवणीकडे कानडी वळणाची कारहुणवी ज्येष्ठी पौर्णिमेस येते. लाल कंधारी व देवणी या दोन नामांकित गोवंशांचें हें माहेर आहे, आणि हाळी-हंडरगुळीच्या बाजारांत त्यांची पारख करणारे लोक अजून भेटतात. कुत्र्याचें म्हणाल तर त्याचा पाठीराखा येथें खंडोबा. लोहा तालुक्यांतील माळेगांवच्या खंडोबाची मार्गशीर्षांतील यात्रा घोडे, गाढवें, उंट, गुरें आणि कुत्रीं यांच्या बाजाराबद्दल प्रसिद्ध आहे, व खंडोबाचा भक्त कुत्र्यावर सहसा दगड उचलीत नाहीं.

या व्यवस्थेचें केवळ गोड चित्र रंगविणें मात्र आमच्या मनांत नाहीं. म्हातारा बैल पुष्कळदां बाजारांतही जात असे, आणि तेथून कोठें जाई हें विकणारा विचारीत नसे. गोठ्यांत मेलेलें जनावर ओढून नेण्याचें काम गांवानें ज्यांच्यावर लादलें होतें त्यांच्या दृष्टीनें गांवची ही भूतदया फार निराळी दिसे. डॉ. आंबेडकरांनीं १९२७ सालीं महाड येथें आपल्या लोकांस मृत जनावरें ओढण्याचें काम सोडण्यास सांगितलें, हा प्रसंगही पशूंच्या इतिहासाचाच भाग होय. पांजरपोळांवरील ग्रंथांत त्यास जागा मिळत नाहीं, हा त्या ग्रंथांचा दोष आहे. तसेंच कोंडवाड्याचें. पिकांत शिरलेलें ढोर कोंडून दंड घेण्याची ही सोय, इंग्रजी हद्दींत १८७१ च्या कायद्यानें पक्की झाली. सोडविण्यास कोणी न आलें तर जनावराचा लिलाव होई. भिंत आणि दरवाजा पांजरपोळासारखेच, पण हेतु अगदीं उलट.

ज्ञानाची परंपरा या मुलखांत जुनी आहे यांत शंका नाहीं. बिलोलीच्या शेजारच्या देगलूर तालुक्यांतील होट्टल येथें ज्यांच्या काळचीं देवळें उभीं आहेत, त्या कल्याणीच्या चालुक्यांपैकीं तिसरा सोमेश्वर यानें ११३० च्या सुमारास मानसोल्लास रचिला. त्यांत हत्तीघोड्यांची चिकित्सा आहे, आणि कुत्र्यांवर सारमेयविनोद नांवाचें स्वतंत्र प्रकरण आहे. बडोद्याच्या ग्रंथमालेंत श्रीगोंदेकरांनीं तो तीन भागांत छापला. परंतु तो राजाच्या करमणुकीचा ग्रंथ. त्यांतला कुत्रा शिकारीचा. दयेचा दाखला पाहिजे असल्यास लीळाचरित्राकडे वळावें. पारध्यांनीं पाठलाग केलेला ससा चक्रधरस्वामींच्या आश्रयास येतो व ते त्यास राखतात, ही लीळा महानुभावांच्या बाहेरही सुपरिचित आहे. राज्यकारभाराचा दाखला शिवाजीमहाराजांच्या चिपळूणच्या छावणीसंबंधीं पत्राचा. १६७० नंतरच्या या पत्रांत घोड्यांचा दाणावैरण पावसाळाभर पुरवून वापरण्याची व गवताच्या गंजीस आग न लागूं देण्याची जी ताकीद आहे, तींत भूतदयेचा एक शब्द नसूनही जनावरांची काळजी ओतप्रोत आहे.

आतां अलीकडची स्थिति थोडक्यांत. १९४८ सालीं निजामी राज्य संपलें, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला व १९६० सालीं महाराष्ट्रांत. याच काळांत गायरानें आटूं लागलीं. १९५९ व १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांत, आणि पुढेंही, मराठवाड्यांतील दलित कुटुंबांनीं गायरान कसण्याचा हक्क मागितला. तो न्याय्य होता असेंच आमचें मत आहे. परंतु त्यांनीं कसलेल्या चतकोर तुकड्यांपेक्षां बळवंतांनीं बळकावलेलें क्षेत्र हें कुरणें जाण्याचें मोठें कारण होय. १९७२ च्या दुष्काळांत, व २०१३, २०१६, २०१९ या सालीं, मराठवाड्यांत चारा छावण्या उघडाव्या लागल्या. २०१६ सालीं तर लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणलें. चारा छावणी म्हणजे सरकारी खर्चाचा चार महिन्यांचा पांजरपोळच. इकडे ट्रॅक्टर आला व बैलाचें काम गेलें. आणि १९७६ च्या कायद्यांत २०१५ सालीं दुरुस्ति होऊन गायीबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी झाली. म्हणजे बाजाराची वाट मिटली, कुरणाची वाट त्यापूर्वींच मिटली होती, आणि पांजरपोळाचा लागा देणारी पेठ बिलोलीसारख्या ठिकाणीं मुळांतच नव्हती. मोकाट गुरांविषयींच्या आजच्या तक्रारी या तीन गोष्टी एकत्र ठेवल्यावांचून समजणार नाहींत.

कुत्र्यांचा वाद तर १८३२ चाच नव्या वेषांत आला आहे. १९६० च्या कायद्याखालीं २००१ सालीं झालेल्या नियमांनीं, व त्यांच्या जागीं २०२३ सालीं आलेल्या नियमांनीं, निर्बीजीकरण व लसीकरण करून कुत्रें मूळ जागीं सोडण्याची पद्धति घालून दिली. ११ ऑगस्ट २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दिल्लीचीं कुत्रीं उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा हुकूम दिला, आणि २२ ऑगस्टला तो बदलून लस टोंचलेलीं कुत्रीं परत सोडण्यास परवानगी दिली. पिसाळलेलीं व चावरीं मात्र वगळलीं. कोंडावें कीं सोडावें, आणि कोंडल्यास भाकर कोणाची, हे मोतीशा व जमशेटजी यांच्यापुढले दोन्ही प्रश्न त्या अकरा दिवसांत पुन्हां उभे राहिले.

शेवटीं संग्राहकांस कांहीं सूचना करावयाच्या आहेत, कारण या इतिहासाचीं साधनें आपल्या डोळ्यांदेखत जात आहेत. सनदा, वंशावळी व निवाडे जपून ठेविले जातात. शालिहोत्राची फाटकी पोथी, तेलाहळदीचे डाग पडलेली, दुर्दशेंत आहे म्हणून नाकारली जाते. ते डाग हाच तिच्या वापराचा पुरावा असतो. पोथीच्या मोकळ्या पानांवर मागाहून लिहिलेलीं औषधें, तेथें येणारीं तेलुगु व दखनी नांवें, यांस संस्कृत मूळ श्लोकांहून अधिक मोल आहे. मूळ श्लोक इतरत्र मिळतील. हैदराबादच्या दफ्तरांत मोगली काळचे अर्ज-ओ-चेहरा या नांवाचे फारसी कागद मोठ्या संख्येनें आहेत. त्यांत स्वाराबरोबर घोड्याचा रंग, खुणा व डाग यांचें वर्णन असतें. ते आजवर मनसबदारीच्या अभ्यासकांनीं पाहिले. घोड्यासाठीं कोणी पाहावे अशी आमची इच्छा आहे. २०२३ च्या सप्टेंबरांत नेमलेल्या न्यायमूर्ति शिंदे समितीच्या कामासाठीं मराठवाड्यांतील निजामी दफ्तरें, मोडी व उर्दू नोंदी, तालुक्यातालुक्यांत उलगडल्या गेल्या. शोध एका जातिवाचक शब्दाचा होता, व तो त्या कामापुरता योग्यच होता. पण त्याच बस्त्यांत गायरानाच्या नोंदी, कोंडवाड्याचे दंड व यात्रेच्या बाजाराचे हिशेब असण्याचा संभव आहे, आणि ते बस्ते पुन्हां बांधले जाण्यापूर्वीं पाहणें इष्ट.

बिलोलीपुरतें बोलावयाचें तर आरंभ कुंडलवाडी, सगरोळी व धर्माबाद येथून करावा. जुन्या अडत दुकानांच्या वह्या ज्यांच्या घरीं असतील त्यांनीं त्या रद्दींत घालण्यापूर्वीं धर्मादाय खात्याचें पान पाहावें : कोणत्या मालावर काय दरानें रक्कम कापली, आणि ती देवळास, धर्मशाळेस, पाणपोईस कीं गुरांच्या वैरणीस गेली. वहीचें साल, पेठेचें नांव व त्या पानाची नक्कल मंडळाकडे पाठविल्यास आम्ही ती छापूं. मूळ वही मालकाकडेच राहूं द्यावी. मात्र तिच्यावर कापूर व कडुनिंबाचा पाला ठेवून ती वर्षांतून एकदां उन्हांत न ठेवतां सावलींत वारा लागेल अशी उघडावी.